चार कांदे घेऊन जा

आमच्या बागेतला निशिगंध सातारच्या मावशीकडचा. भुईचाफा सासूबाईंच्या माहेरचा, गुहागरकडचा. गुलाबी लिली पलीकडच्या बंगल्यातली, आणि सोनटक्का कुणाच्या तरी कुंपणाखालून रस्त्यावर आला होता तो. गुलाब आणि जास्वंद तेवढे नर्सरीतून पैसे मोजून आणलेले. बाकी जे जे म्हणून जमिनीखाली कंद धरतं, ते सगळं कुणीतरी दिलेलं, मागून आणलेलं, नाहीतर निघता निघता "अगं, चार कांदे घेऊन जा" म्हणत हातात कोंबलेलं. बाग बघणारे म्हणतात, तुमची माणसं भारी दिलदार. असतील बापडी. पण पुण्यातल्या या पट्टीभर जागेत इतकी वर्षं माती उकरल्यावर माझं मत असं झालंय, की यात माणसांच्या दिलदारीपेक्षा कांद्यांचाच हात जास्त आहे. कांदे वेळच्या वेळी वाटले नाहीत तर ते फुलायचं थांबतात. देणाऱ्याला दुसरा इलाजच नसतो.

निशिगंधाचंच घ्या. वैशाखात, मृगाच्या आधी, दोन-तीन इंच खोल कांदा लावला की पावसात गवतासारखी पात वर येते आणि साधारण तीन महिन्यांत दांडा दिसायला लागतो. पहिली दोन वर्षं मजेत जातात. तिसऱ्या वर्षी पात अशी काही माजते की बघणाऱ्याला वाटावं, काय बहर येणार आहे! आणि येतो एखाददुसरा दांडा, तोही बारका. मग लोक खत घालतात. शेणखत झालं, गांडूळखत झालं, कुणी सांगितलं म्हणून केळीच्या सालीचं पाणीही घालून होतं. पात आणखी माजते. खाली काय झालंय ते कुणी बघत नाही.

मावशी बघायची. तिच्या परसात हौदाशेजारी निशिगंधाचा लांबलचक वाफा होता. ऐन मे महिन्यात, उन्हं उतरली की ती पदर खोचून खुरपं घ्यायची आणि अख्खा गड्डा उपटून माझ्यापुढे ठेवायची. "बघ, कशी चेंगराचेंगरी झालीय."

तो गड्डा एकदा नीट बघण्यासारखा असतो. मधोमध एक मोठा कांदा, तपकिरी सालींचा, दाबला तर पोकळ लागणारा. त्याच्या टाळूवर गेल्या वर्षीच्या दांड्याचं वाळलेलं खुंट. हा कांदा कामातून गेलेला. निशिगंधाचा कांदा आयुष्यात एकदाच फुलतो. त्याच्या अंगाला बिलगून चहूबाजूंनी पिल्लं: काही चांगली टपोरी, काही लसणीच्या पाकळीएवढी, काही इतकी बारीक की मातीच्या ढेकळातून वेगळी ओळखू येऊ नयेत. सगळ्यांची मुळं एकमेकांत अडकलेली. एवढ्याशा जागेत एवढी तोंडं, मग पोटभर कुणालाच मिळत नाही, आणि दांडा काढण्याइतकं बाळसं एकाही कांद्यात धरत नाही. साधारण पाऊण ते एक इंच जाडीचा कांदा झाला की तो त्या वर्षी फुलायच्या लायक समजायचा. मावशी बसल्या बसल्या तीन ढीग करायची. मोठे कांदे वाफ्यात परत, मधले देण्यासाठी, आणि बारके कोपऱ्यातल्या एका आळ्यात, "शाळेत". पुढच्या वर्षी त्यांतले काही मधल्या ढिगात यायचे.

आता मधला ढीग कुठे जाणार? वाफा तेवढाच. म्हणून आल्यागेल्याच्या हातात पिशवी. दूधवाल्याला दिले, पोस्टमनला दिले, लेकीच्या सासरी गेले. मावशी स्वभावाने काही फार उधळी नव्हती. लोणच्याची बरणी द्यायची झाली तर ती अर्धी भरून द्यायची. पण कांदे देताना हात आखडता घेतलेला मी पाहिला नाही, कारण ते ठेवून घेण्यात तिचंच नुकसान होतं. निशिगंधाची शेती करणारे शेतकरीसुद्धा दोन-तीन वर्षांनी लावण मोडतात आणि नव्या जागी करतात, त्याचं कारणही हेच.

याच फुलाला पुण्याच्या फूलबाजारात गुलछडी म्हणतात आणि ते किलोवर विकलं जातं. हारात ओवायला एकेरी पाकळीचं, फुलदाणीत ठेवायला दुहेरी. वासाला एकेरीच सरस. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'शृंगार' आणि 'प्रज्वल' या एकेरी आणि 'सुवासिनी' आणि 'वैभव' या दुहेरी जाती काढल्या आहेत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने पानांवर रुपेरी रेघ असलेली 'रजत रेखा' काढली. आमची जात कोणती, हे मला कुणी विचारलं की मी "मावशीची" असं सांगते. आमच्याकडे कुठल्याच कंदाला दुसऱ्या तऱ्हेचं नाव नाही. सातारची पांढरी, जोशीबुवांच्या देवळातली तांबडी, वन्संची पिवळी. पाटी लावायची गरज पडत नाही आणि लावली तरी पहिल्या पावसात पुसली जाते.

एकदाच फुलायचं आणि पिल्लं मागे ठेवून संपायचं, ही निशिगंधाची खोड घराण्यातलीच आहे. घायपात असंच करतो. माळावर वर्षानुवर्षं काट्यांचा झुबका होऊन बसतो, एके वर्षी पुरुषभर उंचीच्याही वर दांडा काढतो, आणि मग मरतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे निशिगंधाला घायपाताच्याच प्रजातीत नेऊन बसवलं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. हारातलं ते नाजूक फूल आणि बांधावरचा तो काटेरी दांडगट, सख्खे! पण गड्डा उपटून बघितलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागत नाही.

ग्लॅडिओलसची तऱ्हा याहून वेगळी. त्याचा कंद म्हणजे कांद्यासारखे पदर नसलेला, आतून भरीव, चपटा गड्डा. हंगाम संपल्यावर उपटला तर दिसतं की जो लावला होता तो खाली सुकून चिपाड झालाय आणि त्याच्या डोक्यावर नवा कोरा गड्डा बसलाय. त्याच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्यांसारखी बारीक पिल्लं. म्हणजे दर वर्षी हा गडी एक मजला वर चढतो. असाच चढत राहिला तर काही वर्षांत जमिनीबाहेर येईल, पण तसं होत नाही. कारण नव्या गड्ड्याला जी जाड मुळं फुटतात ती आकसतात, आणि आकसताना गड्ड्याला खाली ओढून घेतात. अशा मुळांवर आडव्या सुरकुत्या असतात, हाताला लागतात. आपण वीतभर काठीने मोजून कंद लावतो खरं, पण पुढची खोली तो आपली आपण ठरवतो.

याच ग्लॅडिओलसच्या पानांवरून आमच्या गल्लीत दर वर्षी वाद होतो. फुलं झाली की पानं पिवळी पडत जातात, लोंबतात, बघवत नाहीत. टापटिपीची आवड असलेल्या लोकांना ती कापून टाकाविशी वाटतात. एका सोसायटीच्या माळ्याने एका सकाळी लिलीची सगळी पानं गवताबरोबर सपाट केली आणि वर बक्षिशी मागितली. पुढच्या पावसात तिथे फूल नावालाही नव्हतं. फूल सरल्यानंतरची ती हिरवी पानंच पुढच्या वर्षाचा दाणागोटा खाली साठवत असतात. ती आपणहून वाळून हातात येईपर्यंत हात लावायचा नाही. दिसायला वाईट दिसतात हे मान्य, पण मग त्यांच्यापुढे तेरडा लावावा, पडदा होतो.

भुईचाफ्याचा तर याबाबतीत कहरच. दिवाळीनंतर त्याची पानं पिवळी पडतात आणि मार्गशीर्ष येईतो कुंडीत नुसती माती उरते. सासूबाईंची सक्त ताकीद असे, "कार्तिक सरला की त्याला पाणी दाखवू नको हो." पाणी दाखवलं की खालच्या गाठी कुजतात. ज्यांना हे माहीत नसतं ते रोप मेलं म्हणून कुंडी रिकामी करतात. कचऱ्याच्या ढिगावर मग वैशाखात फूल उमलतं आणि घरातल्यांना कळतं.

आणि ते उमलणंही कसं! ना पान, ना खोड, ना कळीची चाहूल. आदल्या संध्याकाळी माती होती. वळवाची एखादी सर पडून गेलेली असली तर जरा भेगाळलेली, फुगलेली. सकाळी त्याच भेगेतून फूल. देठ असा नाहीच, जमिनीलाच फुटल्यासारखं. वरच्या पाकळ्या लांबट, पांढऱ्या, पातळ, आणि त्यांच्या खाली दोन भागांत चिरलेली जांभळट जीभ. वास घ्यायचा तर उकिडवं बसून नाक मातीशी न्यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांचं हे फूल नव्हे. दुपारच्या उन्हात ते मान टाकतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच भेगेतून दुसरं येतं. असं आठ-पंधरा दिवस चालतं. पानं त्याच्यानंतर, पावसाच्या जोरात. वरून हिरव्यावर फिकट नक्षी आणि खालून वांगी रंगाची. पाहुण्यांना पानं दिसतात, फुलं दिसत नाहीत, म्हणून त्यांना ते शोभेचं पानांचं झाड वाटतं.

सासूबाईंच्या माहेरी भुईचाफा जांभ्याच्या तांबड्या मातीत, माडाच्या सावलीला असे. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी त्या मातीत पाणी ठरत नाही, गाळण्यातून जावं तसं खाली जातं. पुण्यात पाऊस त्याच्या पाव हिश्श्याचाही नाही, पण आमची काळी माती पाणी धरून बसते आणि कंदांचा जीव घेते. म्हणून कंद लावायचे तर गादीवाफा करून, नाहीतर कुंडीत. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू सारख्या भागाने, तळाशी विटांचे तुकडे, वर मूठभर निंबोळी पेंड. कच्चं शेण घालू नये, त्याने मुळं खाणारी हुमणी अळी येते. एवढं केलं की बाकी काही लागत नाही. कंद किती खोल लावायचा, याचा सर्वसाधारण ठोकताळा त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट असा आहे, पण अमरीलिसची मान मातीबाहेर ठेवावी आणि डेलियाचा कंद आडवा निजवावा.

डेलियावरून आठवलं. दिलदारीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं, की डेलियाचे कंद देणाऱ्या सगळ्यांवर विश्वास ठेवू नये. रताळ्यासारखा दिसणारा त्याचा एक कंद सुटा काढून दिला तर तो जन्मात फुटत नाही. कोंब फुटणारा डोळा कंदावर नसतो, जुन्या खोडाच्या बुडाशी असतो. त्या बुडाचा तुकडा, डोळ्यासकट, कंदाला चिकटलेला हवा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात ताटलीएवढे डेलिया बघून एका बाईंकडे कंद मागितले होते. त्यांनी हसतमुखाने, कागदात गुंडाळून, नेमके बिनडोळ्याचे दिले. नकळत असेल. पण बक्षीसपात्र डेलिया लावणाऱ्या बाईला डोळा कळत नसेल, हे पचायला जड जातं.

अलीकडे ऑनलाइन मागवायची सोय झाली आहे. थंडीच्या तोंडावर मोबाइलवर ट्यूलिपच्या जाहिराती यायला लागतात, आणि आमच्या भिशीतल्या दोघी-तिघी दर वर्षी मागवतात. ट्यूलिपला फुलायच्या आधी तीन-चार महिने कडक थंडी लागते. काश्मीरला ती आयती मिळते. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी, झबरवानच्या पायथ्याशी असलेली ट्यूलिपची बाग त्याच जोरावर फुलते. पुण्यात ती थंडी फ्रिजमध्ये द्यावी लागते. भाजीच्या खणात कांदे ठेवले तर शेजारी सफरचंद ठेवायचं नाही, त्यातून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. इतकी बडदास्त ठेवून एक फूल येतं, येतं ते देखणं असतं, यात वाद नाही. पण फूल झालं की तो कांदा आपल्याकडच्या उन्हाळ्यात संपतो. पिल्लं नाहीत, पुढचं वर्ष नाही, कुणाला देणं नाही. मला अशा फुलाशी फार दोस्ती करता येत नाही.

यावर भिशीतली एकजण म्हणाली, "म्हणजे तुला सगळं देशीच हवं." तसं मुळीच नाही. ज्याला आपण आपलं मानतो त्यातलं निम्मंअधिक बाहेरून आलेलंच आहे. निशिगंध मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी तो युरोपीय लोक पोहोचायच्या कितीतरी आधीपासून लावला होता. डेलियाही तिथलाच, आणि आज तो त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. पहिला पाऊस पडल्यावर गल्लीगल्लीत गुलाबी-पांढरी फुलं काढणारी पावसाळी लिली मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. कर्दळही अमेरिकेची. ग्लॅडिओलसचे पूर्वज दक्षिण आफ्रिकेचे. कंदांना दूरचा प्रवास सोसतो, हे याचं साधं कारण. रोप बोटीतून न्यायचं तर खारा वारा, गोडं पाणी, माती, सगळ्याची चिंता. कांदा म्हणजे अन्नपाणी बांधून निजलेलं रोप. पोत्यात टाका, महिनोन्महिने विसरा, पोहोचल्यावर मातीत खुपसा.

आणि हे एकाच दिशेने झालेलं नाही. सोनटक्का हा हिमालयाच्या पूर्वेकडच्या ओल्या पायथ्याचा. गौरी-गणपतीच्या दिवसांत त्याच्या पांढऱ्या फुलांची वेणी माळणाऱ्या आमच्या बायकांपैकी कितीजणींना ठाऊक असेल, की क्यूबात हेच फूल राष्ट्रीय फूल म्हणून मिरवतं? तिथे त्याला फुलपाखराच्या नावाने ओळखतात. हवाई आणि ब्राझीलमध्ये मात्र त्याने ओढ्याकाठची जमीन अशी काही बळकावली आहे की तिथले लोक त्याला तण म्हणून उपटत असतात. आमच्या नळाखालच्या कोपऱ्यात त्याचा पसारा बघता मला त्या लोकांबद्दल सहानुभूती वाटते. सोनटक्का द्यायचा असतो तेव्हा मी मोजत नाही, कुदळीने तोडून पोतं भरते.

चोरून आणलेलं रोप हमखास लागतं, असं आपल्याकडे म्हणतात. घराघरांतून, कुंपणाबाहेर आलेल्या गड्ड्यांपुरतं, मी त्याकडे काणाडोळा करायला तयार आहे. डोंगरातून मात्र नाही. पावसाळ्यात कास पठारावर किंवा सह्याद्रीच्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाटीवर, जे फुलतं त्यातलं पुष्कळसं कंदावरच उगवतं. कळलावी, रानहळद, भुईआमऱ्या म्हणजे जमिनीवरची ऑर्किडं, डबक्यातला वायतुरा, आणि दुर्मिळ होत चाललेल्या कंदीलपुष्पाच्या जाती. ट्रेकला जाऊन "एकच उपटला" म्हणणारे असतात. तो कंद पुण्याच्या काळ्या मातीत दोन पावसाळे काढत नाही, आणि तिथे सड्यावर दगडाच्या खाचेत जेमतेम मूठभर मातीत तो काही वर्षं घालवून फुलायच्या वयाला आलेला असतो. मावशीच्या वाफ्यातली गर्दी तिथे नाही. मागायचं ते जिथे उतू चाललंय तिथे मागावं.

कोकणात मागणारे आणखीही असतात. साळिंदराला कंदांचा वास बरोबर लागतो आणि रानडुकरं एका रात्रीत वाफा नांगरून ठेवतात. लिली आणि अमरीलिसच्या वाटेला मात्र ती सहसा जात नाहीत, कारण ते कांदे विषारी. हे माणसांनी लक्षात ठेवावं. लिलीचा कांदा सोलला तर भाजीच्या कांद्यासारखाच दिसतो. वास येत नाही एवढाच फरक. काढलेले कंद सावलीत वाळवून, भुशात किंवा कोरड्या वाळूत ठेवायचे ते स्वयंपाकघरापासून लांब. आमच्याकडे ते जिन्याखाली असतात आणि तिथे कुणी भाजीचा कांदा ठेवायचा नाही, हा घरातला सगळ्यात कडक कायदा आहे.

सगळेच कंद वाटून घ्यायला उत्सुक असतात असंही नाही. मे महिन्यात तांबडा चेंडू होऊन फुलणारी फुटबॉल लिली, मे फ्लॉवर म्हणतात ती, हलवलेली अजिबात खपवून घेत नाही. जागा बदलली की पुढच्या वर्षी रुसून नुसती पानं दाखवते. तिला कुंडी जरा अडचणीचीच आवडते. निशिगंधाचं शास्त्र तिला लावून चालत नाही. आफ्रिकेतून आलेली ही बया वर्षातला एक आठवडा फुलते आणि त्या आठवड्यासाठी बाकीचं वर्ष आपण तिची मर्जी सांभाळायची. तिची पिल्लं देताना मी आधीच सांगते, पहिल्या वर्षी माझ्या नावाने बोटं मोडू नका.

या सगळ्या देवाणघेवाणीला अलीकडे एक वेगळीच घाई आली आहे. पुण्यात जुने बंगले आणि सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. पलीकडच्या बंगल्यातल्या आजींचा करार झाला आणि जेसीबी यायची तारीख ठरली ती नेमकी पौषातली. त्यांनी आम्हा सगळ्यांना निरोप धाडला, "खुरपी घेऊन या गं." गेलो तर अंगणात काय होतं? काहीच नाही. एक पेरू, एक प्राजक्त, बाकी कोरडी, पालापाचोळ्याने भरलेली जमीन. सगळे कंद झोपलेले, वर पानाचा मागमूस नाही. आजी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या आणि काठीने दाखवत गेल्या. "हौदाच्या अंगाला खण, तिथे पिवळी लिली. पेरूच्या पश्चिमेला हातभर सोडून भुईचाफा. अगं, जपून, त्याच्या खाली आमच्या ह्यांनी महाबळेश्वरहून आणलेलं काहीतरी आहे, नाव आठवत नाही." काठी जिथे टेकली तिथे कंद निघाला. एकदाही चुकली नाही. मधूनच त्या म्हणायच्या, "तुझ्याकडे ऊन कसलं आहे?" आणि उत्तर ऐकून ठरवायच्या की हा हिला द्यायचा की तिला. सावलीवालीला सोनटक्का, गच्चीवालीला पावसाळी लिली, आणि एकीला, तिच्याकडे कुत्रा आहे म्हणून, काहीच विषारी नाही.

आम्ही खणलं त्याच्या कितीतरी पट खाली राहिलं. ते जेसीबीने उचललं, डंपरात भरलं आणि गावाबाहेर भरावात गेलं. पुढच्या जूनमध्ये त्या रस्त्याने जाताना बघितलं, तर राडारोड्याच्या ढिगाऱ्यावर, फुटक्या फरशांच्या मधून, गुलाबी लिली फुलली होती. कुणीतरी एक शाळकरी पोरगी सायकल आडवी टाकून ती तोडत होती. तिला सांगितलं, फुलं नको तोडूस, कांदे घेऊन जा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिला काहीतरी विकायला निघाले आहे. मग स्कूटरच्या डिकीतलं खुरपं काढून खणून दिले. आजी आता बारामतीला लेकाकडे असतात. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "गुलाबी होय? ती कसली मरतेय! तू महाबळेश्वरचं ते काय निघालं ते सांग." ते अजून फुललेलं नाही. पानांवरून अमरीलिस वाटतंय.

या वर्षी माझाही वाफा तिसऱ्या सालात आहे. अक्षय्य तृतीयेनंतर, वळीव यायच्या आत, निशिगंध काढायचा आहे. सोनटक्का तर केव्हाही न्या, दोन पोती निघेल. भुईचाफ्याच्या गाठी मोजक्याच आहेत, त्या ज्यांनी हिवाळ्यात पाणी बंद ठेवायचं कबूल केलं त्यांनाच मिळतील. ट्यूलिप मागू नका, नाहीत. उन्हं उतरल्यावर या, आणि पिशवी घरून आणा. आमच्याकडच्या पिशव्या कांद्यांबरोबर जातात त्या परत येत नाहीत.